नक्कल कशासाठी हवी?

माझ्या गावची एक पाणंद, जिच्यावरून एके काळी दोन भरल्या बैलगाड्या सुखाने एकमेकींना वाट देत असत, ती दोन्ही अंगांच्या बांधांनी कोरली जात जात अखेर माणसालाही अंग चोरून चालावे लागेल इतकी अरुंद झाली, तेव्हा कागदोपत्री ती कशी नोंदली आहे हे एकदा डोळ्यांनी पाहावे या हेतूने मी तालुक्याच्या एका कार्यालयात गेलो आणि गावनकाशाची नक्कल मागितली. खिडकीपलीकडच्या कारकुनांनी मान वर न करता विचारले, “कशासाठी हवी?” मी पाणंदीची सारी हकिकत सांगितली, कोणाचा बांध सरकला, कोणाशी बोलणे झाले, सगळे सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि पुढल्या आठवड्यात यायला सांगितले. परतताना एसटीत बसल्यावर माझ्या ध्यानात आले की चूक त्यांच्याइतकीच माझीही झाली होती. कारण त्या प्रश्नाचे उत्तर देऊन, तो प्रश्न विचारण्याचा त्यांना हक्क आहे, हे मीच मान्य करून बसलो होतो.

आपल्या शास्त्रकारांची एक जुनी रीत आहे. ग्रंथाच्या आरंभी अनुबंधचतुष्टय सांगावे लागते: विषय कोणता, प्रयोजन कोणते, ग्रंथाचा विषयाशी संबंध कसा आणि या विद्येचा अधिकारी कोण. सदानंदांच्या ‘वेदान्तसारा’त या चारांचा विचार प्रारंभीच आला आहे, आणि त्यामागची दृष्टी क्षुद्र नव्हे, ज्ञान हे अग्नीसारखे असून अपात्राच्या हाती ते दिले तर देणारा आणि घेणारा दोघेही पोळतात, अशी ती धारणा होती. खिडकीमागून आलेला तो प्रश्न मला या परंपरेचाच दूरचा प्रतिध्वनी वाटला. जाणून घेण्यापूर्वी प्रयोजन सिद्ध केले पाहिजे का, आणि जाणण्याचा अधिकार कमवावा लागतो की तो जन्मानेच लाभतो, हा प्रश्न तत्त्वज्ञानाचा आहे, आणि त्याचे एक उत्तर आपल्या देशाने 2005 साली, 12 ऑक्टोबरपासून अमलात आलेल्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्यात, अगदी मोजक्या शब्दांत देऊन ठेवले आहे. त्या कायद्याच्या सहाव्या कलमाचे दुसरे पोटकलम असे आहे की अर्जदाराला माहिती मागण्याचे कारण विचारता येणार नाही, आणि त्याच्याशी संपर्क साधण्यापुरता तपशील वगळता दुसरी कोणतीही वैयक्तिक माहिती मागता येणार नाही. म्हणजे चार अनुबंधांपैकी विषय तेवढा राखला, प्रयोजन गाळले, आणि अधिकारी कोण याचे उत्तर ‘प्रत्येक नागरिक’ असे दिले.

हे उत्तर आकाशातून पडले नाही. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेच्या छायेत जमलेल्या मजुरांनी 1994 पासून जनसुनवाया भरवून हजेरीपट मोठ्याने वाचून दाखवले, तेव्हा न झालेली कामे आणि न राबलेली माणसे त्या पटांवर उभी असल्याचे लोकांनी कानांनी ऐकले. त्या मजुरांपाशी प्रयोजन होते, आणि ते बुडालेल्या मजुरीचे होते. तरीही त्यांच्या लढ्यातून निपजलेल्या कायद्याने पुढल्या माणसाकडे प्रयोजनाचा दाखला मागितला नाही, हे मला फार मोलाचे वाटते.

महाराष्ट्राला तर हा विचार परका असूच नये. ज्या गीतेचा अर्थ संस्कृताच्या कुंपणाआड होता ती 1290 साली नेवाशात ज्ञानदेवांनी मराठीत उलगडली, ती ऐकायला बसलेल्यांना ‘कशासाठी?’ असे विचारल्याचे स्मरण या भूमीला नाही. पण त्याच भूमीत गावचे दप्तर मात्र शतकानुशतके रुमालात बांधलेले राहिले. कुळकर्ण्याच्या घरी ते असे, मोडीत असे, आणि ज्याच्या घामाचा हिशेब त्यात लिहिला जाई त्या कुणब्याला त्यातले एक अक्षर लागत नसे. काय लिहिले आहे हे त्याला कळे ते वसुलीचा माणूस दाराशी उभा राहिल्यावर. जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये या लेखणीच्या सत्तेवर जो कोरडा ओढला त्याची धग अजून गेलेली नाही, आणि 1918 साली शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात कुळकर्णी वतने खालसा करून पगारी तलाठी नेमले ते याच जाणिवेने. चित्रगुप्ताची वही आपल्याला मरेपर्यंत पाहता येत नाही, अशी लोकश्रद्धा आहे. देवाच्या दप्तराला ते शोभत असेल, पण गावच्या दप्तराला नाही.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो हलक्याने झटकण्याजोगा नाही. माहिती मागून धाक दाखवणारे, तडजोडीत पैसा उकळणारे लोक आहेत, आणि त्यांच्यापायी प्रामाणिक ग्रामसेवकाचा जीव मेटाकुटीला येतो, हे मी पाहिले आहे. पण याचा उपाय म्हणून प्रयोजन विचारू लागलो तर लबाडाला सुंदर प्रयोजन रचून सांगणे सोपे जाते, आणि अडतो तो भाबडा, ज्याला आपले दुःख नीटसे मांडता येत नाही. म्हणून कायद्याने हेतूचा निवाडा कारकुनाकडे न सोपवता मागणाऱ्याच्या अंतःकरणाकडे सोपवला. शास्त्रकारांचे प्रयोजन नाहीसे झाले नाही, ते आत गेले. अर्ज लिहिण्यापूर्वी ज्याचा त्याने स्वतःला तो प्रश्न विचारायचा आहे.

आणि विषय मात्र काटेकोर हवा, कारण तेवढाच एक अनुबंध उरला आहे. महाराष्ट्रात 2012 पासून एका अर्जात एकच विषय आणि तोही दीडशे शब्दांच्या आत मांडावा असा नियम आहे. पुष्कळांना तो जाचक वाटतो, मला तो चित्तशुद्धीचा व्यायाम वाटतो. ‘रस्त्याची सर्व माहिती द्यावी’ असे लिहिणाऱ्याच्या हाती सहसा काही लागत नाही. जमिनीचा प्रश्न असेल तर सातबारा, आठ-अ आणि ज्या फेरफाराने नाव चढले किंवा उतरले त्याचा क्रमांक. ग्रामपंचायतीचा असेल तर रोकडवही, आकारणीचा नमुना आठ, ग्रामसभेचे प्रोसिडिंग. बांधलेल्या गटाराचा असेल तर अंदाजपत्रक आणि मोजमाप पुस्तिका, असे कागदाला त्याच्या नावाने हाक मारून बोलवावे लागते. हे नाव ठाऊक नसेल तर आधी कलम चारखाली कार्यालयाने स्वतः होऊन प्रसिद्ध करायची माहिती पाहावी, अथवा नकलेऐवजी प्रत्यक्ष अवलोकन मागावे. 2018 च्या शासन आदेशाने तर जिल्हा कार्यालये आणि स्थानिक स्वराज्य संस्था यांत सोमवारी दुपारी तीन ते पाच ही वेळ त्यासाठी राखून ठेवायला सांगितले आहे. जोडपत्र ‘अ’मधला अर्ज, त्यावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, जनमाहिती अधिकाऱ्याच्या नावाने दाखल करून पोच घ्यावी, दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला शुल्क नाही. तीस दिवसांत उत्तर आले नाही तर त्याच कार्यालयातील वरिष्ठांकडे पहिले अपील, तेथेही दाद लागली नाही तर राज्य माहिती आयोगाकडे दुसरे.

सर्वांत अवघड उत्तर नकाराचे नसते. ‘सदर अभिलेख कार्यालयात आढळून येत नाही’ हे ते उत्तर. हे वाक्य वाचले की मला दर वेळी तुकोबांची आठवण होते. सावकारीची खते घरात होती, दुष्काळाने कुळे नागवली गेली होती, आणि तुकोबांनी ती खते इंद्रायणीत बुडवून लोकांना ऋणातून मोकळे केले, ही महीपतींनी सांगितलेली कथा सर्वांना ठाऊक आहे. पण तिच्यातला एक तपशील आपण घाईत वगळतो. खतांचे आधी दोन वाटे झाले, धाकटा भाऊ कान्होबा याचा वाटा त्याच्या हाती गेला, आणि तुकोबांनी बुडवला तो फक्त आपला. वैराग्याच्या त्या क्षणीही, दुसऱ्याचा कागद बुडवण्याचा अधिकार आपल्याला नाही, हे भान सुटले नाही. मग जो कागद एकट्या कोणाचाच नाही, ज्यात साऱ्या गावाचा वाटा आहे, तो वाळवीच्या, पावसाच्या किंवा कोणाच्या सोयीच्या स्वाधीन करणाऱ्याने कोणाचा वाटा बुडवला म्हणायचे? दप्तर सांभाळणारा धनी नसतो. स्मृतिकारांनी लेख, भोग आणि साक्षी अशी तीन प्रमाणे मानली, आणि साक्षीदाराने मौन धरणे हेही त्यांनी पापच मानले. कागद हा असा साक्षीदार आहे की ज्याला दुसऱ्याच्या हातांवाचून बोलता येत नाही, म्हणून त्याच्या मौनाचे पाप त्या हातांना लागते.

मी पुन्हा गेलो. या वेळी रीतसर अर्ज होता, विषयाच्या रकान्यात गावाचे नाव आणि ‘गावनकाशाचे अवलोकन व नक्कल’ एवढेच होते, आणि सोबत ज्यांचे शेत त्या पाणंदीच्या टोकाला आहे ते आमच्या आळीतले म्हातारे अण्णा होते. त्याच कारकुनांनी गठ्ठा आणला, गाठ सोडली, पिवळा पडलेला कापडी नकाशा टेबलावर पसरला आणि कडा दुमडू नयेत म्हणून स्वतःच दोन कोपऱ्यांवर हात ठेवले. अण्णांना वाचता येत नाही. पण ओढा कुठे, देऊळ कुठे हे दाखवल्यावर त्यांना पुढचे सांगावे लागले नाही. गाडीवाटेची दुहेरी तुटक रेषा सापडताच त्यांनी तर्जनी तिच्यावर टेकवली आणि ती देवळापासून आपल्या बांधापर्यंत, वळणे घेत घेत, फार सावकाश नेली. तिथे पोचल्यावर बोट थोडा वेळ तसेच राहिले. कारकून कोपरे धरून उभे होते, आणि त्यांनी काही विचारले नाही.