गीताचा अर्थ आणि मृताचा हक्क

'न्यूट्रल मिल्क हॉटेल' या अमेरिकन इंडी रॉक वाद्यवृंदाचा 'इन द एरोप्लेन ओव्हर द सी' हा गीतसंग्रह १९९८ साली प्रकाशित झाला. ॲन फ्रँकची रोजनिशी वाचून आलेली विकलता या गीतांमागे आहे, असे गीतकार जेफ मँगम यांनी सांगितले आहे. मात्र प्रतिमा स्वप्नवत विखुरलेल्या असल्याने श्रोता त्यांत स्वतःचेही दुःख ऐकू शकतो. लेखकाच्या मृत्यूची घोषणा करणाऱ्या रोलाँ बार्थ यांच्या विचारानुसार ही मुभा त्याला आहेच. परंतु लेखकाचा मृत्यू हे रूपक आहे. ॲनचा मृत्यू रूपक नाही. तिच्यापासूनही अर्थ असाच मोकळा करता येईल काय?

एका गीताचे शीर्षक 'हॉलंड, १९४५' असे आहे. हरवलेल्या निरागसतेचे प्रतीक म्हणून ते वाचणे सोपे. पण १९४५ मध्ये ॲन हॉलंडमध्ये नव्हतीच. ऑगस्ट १९४४ मध्ये तिला ॲमस्टरडॅममध्ये पकडण्यात आले. १९४५ च्या आरंभी, अवघी पंधरा वर्षांची असताना, बेर्गन-बेल्सनच्या छळछावणीत ती मरण पावली. मे महिन्यात संपूर्ण हॉलंड मुक्त झाले. एकत्र लपून राहिलेल्या आठांपैकी केवळ तिचे वडील परतले. हे जाणणाऱ्या श्रोत्याला ते शीर्षक तिच्या नसण्याचा स्थळकाळ सांगते.

संहितेबाहेरचे हे ज्ञान अर्थाला संकुचित करीत नाही, वजन देते. कवीच्या हेतूला आपण बांधील नसू, पण जिच्या मरणावर गीत उभे आहे, तिला आहोत. तिला निव्वळ प्रतीक करणारे वाचन कदाचित सुसंगत ठरेल. न्याय्य ठरणार नाही.