भार

भंडारा जिल्ह्यातलं आंधळगाव कोष्ट्यांचं. रानातल्या ऐनाच्या झाडांवर पोसलेले कोसे इथे यायचे, घरोघरी उकडले जायचे आणि मागावर त्यांचं लुगडं व्हायचं.

अशाच एका घरी एक पाद्री पावसाळाभर मुक्कामाला राहिला. घरात कोष्टी, त्याची बायको आणि म्हातारी आई. पाहुण्याच्या ताटात रोज वाफाळता भात, वर वरण. जेवणानंतर तो मंडळींना गोष्टी सांगायचा. सगळे मन लावून ऐकायचे.

एका रात्री त्याला जाग आली. चिमणीच्या उजेडात म्हातारी उकडलेल्या कोशांतून धागे ओढून उघड्या मांडीवर सूत वळत होती. मांडीवर हाताएवढा चट्टा पडला होता, काळपट आणि गुळगुळीत.

“आजी, एवढ्या रात्री?”

“झोप येत नाई, जी.”

“मांडी दुखत नाही?”

“पहिले दुखे. आता बधिर झाली. समजतच नाई.”

चुलीजवळ हंडी उघडी होती. तळाला नुसती पेज. घरची माणसं तीच पीत होती, हे त्याला आत्ता दिसलं.

सकाळी तो कांड्या भरायला बसला.

“पाहुण्यानं कांड्या भरायच्या? गाव काय म्हनल, जी?” कोष्टी कळवळला. पाद्री उठला नाही. धागा सारखा तुटायचा. सुनेनं गाठ मारायला शिकवली. काही दिवसांनी हात बसला, माग भरभर चालू लागला आणि म्हातारी रात्री झोपू लागली.

बायबलमधला प्रेषित पौलही कारागीरच होता. करिंथ शहरात अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांच्याबरोबर तो तंबूचं काम करी. आपण तुमच्यावर भार घातला नाही, असं त्याने करिंथकरांना दुसऱ्या पत्रात कळवलं. तिथे त्याने वापरलेल्या ग्रीक क्रियापदाच्या मुळाशी बधिर करणं आहे. जेरोम या जुन्या पंडिताच्या मते ही पौलाच्या किलिकिया प्रांताची बोली. त्या बोलीला माणसं नीट ठाऊक होती. प्रेमाने वाहिलेल्या ओझ्याची तक्रार होत नाही, वाहणाऱ्यालाच ते कळेनासं होतं. म्हणून पाहायचं असतं पाहुण्याने.

लुगडं विकलं गेलं. कोष्ट्याने मजुरी पुढे केली. पाद्र्याने ती घेतली आणि तांदळाचे पैसे म्हातारीच्या हातावर ठेवले. तिने ते मोजून घेतले.