माझा नंबर आधी का?



आजचा श्लोक गीतेच्या सहाव्या अध्यायातला ३२वा. दुसऱ्याचं सुखदुःख जो स्वतःच्या मापाने मोजतो, तो योगी भगवंतांना श्रेष्ठ वाटतो, असा त्याचा भाव. हा श्लोक मला शाळेपासून पाठ आहे. पण गेल्या महिन्यात, रात्री साडेअकराला, एका हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत तो मला आठवला नाही.

बाबांना तीन दिवस ताप होता. त्या रात्री १०३ झाला आणि आम्ही घाबरलो. पूर्वी असं झालं की आई कोपऱ्यावरच्या डॉक्टरकाकांना फोन करायची. बाबांची शुगर, आजीचा दमा, माझी अ‍ॅलर्जी, त्यांना सगळं तोंडपाठ. "पट्ट्या ठेवा, गोळी द्या, सकाळी घेऊन या," एवढं ते बोलले की आमची निम्मी भीती तिथेच उतरायची. काका थकले, दवाखाना बंद झाला. त्यांची मुलगी रेडिऑलॉजिस्ट आहे. त्या गाळ्यात आता मोबाइलचं दुकान आहे. तिला तरी दोष कसा देऊ? साध्या खोकल्यालाही थेट स्पेशालिस्ट गाठणारे आपणच ना!

तर आम्ही कॅज्युअल्टीत. बाकांवर जागा नाही, पॅसेजमध्ये स्ट्रेचर आणि धावपळ करणारा एकच निवासी डॉक्टर. सिस्टरने बाबांचा बीपी, ऑक्सिजन बघितला. म्हणाली, "काका ठीक आहेत, थोडं थांबावं लागेल." मी बाहेर येऊन एका ओळखीच्या माणसाला फोन लावला. दहा मिनिटांत बाबांचं नाव पुकारलं गेलं.

दारात एक बाई उभी होती. तिच्या कडेवरचं पोर धापा टाकत होतं. डॉक्टर तिच्याकडेच निघाले होते, ते आमच्याकडे वळले. ती काही बोलली नाही. पोराला दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि मागे सरकली. अर्ध्या तासाने आम्ही बाहेर आलो, तेव्हा ती तिथे नव्हती.

बाबा बरे आहेत. ती बाई मात्र माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

मुलगा म्हणून बाबांसाठी धावणं हा माझा धर्म नव्हता का? होताच. पण माझ्या फोनने तिथे दुसरा डॉक्टर उभा राहिला नाही. होता तोच एक डॉक्टर मी त्या पोरापासून ओढून घेतला. देवळात पास काढून पुढे गेलो, तर मागच्याचं दर्शन लांबतं; पण विठोबा विटेवरून कुठे जात नाही. कॅज्युअल्टीत मागच्याचा श्वास तेवढा वेळ थांबेलच असं नाही.

नेपोलियनच्या सैन्यात डॉमिनिक लारे नावाचा सर्जन होता. जखमींचा क्रम हुद्द्यावरून लावायचा नाही, जखमेवरून लावायचा, हा त्याचा आग्रह. आजही सिस्टर नाडी बघून कोण आधी, कोण नंतर ते ठरवते, ते याच विचाराने. मला वाटतं, आजच्या श्लोकाचं आचरण ती रोज रात्री करत असते. मी ते एका फोनने मोडलं.

म्हणून या आठवड्यात दोन गोष्टी केल्या. घराजवळची एक एमबीबीएस डॉक्टर शोधली आणि बाबा ठणठणीत असतानाच त्यांची फाईल घेऊन तिला भेटून आलो. तुम्हीही शोधा. मुंबईत २०२२ पासून पालिकेचे 'आपला दवाखाना' सुरू झालेत, जवळचा कुठे आहे बघून ठेवा. तापाला तिसऱ्या रात्रीपर्यंत थांबू नका. आणि छातीत दुखणं, धाप, शुद्ध हरपणं असं काही असेल, तर क्षणही न घालवता १०८ लावा. कॅज्युअल्टी त्यासाठीच आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे संकल्प: पुन्हा तो फोन करायचा नाही. लिहायला सोपं आहे. बाबा समोर थरथरत असताना पाळता येईल का? आज विठोबाकडे एवढंच मागतो: त्या वेळी मला शेजारच्या बाकावरचंही माणूस दिसू दे.

राम कृष्ण हरी.