सरकी उगवते, मग पाकीट दरसाल का?

वऱ्हाडात कपाशीवर वाद निघाला की एक वाक्य हमखास कानावर येतं: बीटीचं बियाणं मेलेलं असतं, ते दुसऱ्यांदा उगवत नाही, म्हणून तर दरसाल पाकीट घ्यावं लागतं. अकोटच्या कृषी केंद्रासमोर हे ऐकायला मिळतं, अमरावतीच्या बाजार समितीतही. सांगणारा शिकलेला असो की नसो, आवाजातली खात्री तीच.

वाक्य चुकीचं आहे. बीटी कपाशीची सरकी उगवते. न उगवणाऱ्या बियाण्याच्या तंत्राचं पेटंट १९९८ साली अमेरिकेत दिलं गेलं आणि त्यावर जगभर रान उठलं, पण ते तंत्र कुठल्याही शेतकऱ्याच्या वावरात पोचलं नाही. आपल्याकडच्या २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने तर असं तंत्र असलेल्या वाणाची नोंदणीच नाकारली आहे. त्याच कायद्याने शेतकऱ्याला स्वतःच्या पिकातलं बियाणं राखायचा, पेरायचा आणि ब्रँडचं नाव न लावता विकायचाही हक्क दिला आहे.

एवढं सांगून बहुतेक जण थांबतात आणि वाद जिंकला असं धरून चालतात. समोरचा मात्र हलत नाही. त्याचं एकच म्हणणं असतं: "मंग भाऊ, दरसाल पैसे काहून मोजतो मी?" या प्रश्नाला उत्तर दिल्याशिवाय पहिलं स्पष्टीकरण अर्धंच राहतं. पैसे मोजावे लागतात कारण भारतात बीटी कपाशी आली ती संकरित वाणांत. संकरित झाडाची सरकी पेरली तर पुढच्या पिढीत गुण फुटतात, झाडं एकसारखी येत नाहीत, उतारा घटतो. अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात हीच बीटी सरळ वाणांत आहे. संकराची वाट आपण बीटीच्या कितीतरी आधी धरली. सुरतच्या संशोधन केंद्रातून १९७० साली आलेलं एच-४ हे जगातलं पहिलं व्यापारी संकरित कापूस वाण होतं, आणि अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचं पीकेव्ही हायब्रीड-२ वऱ्हाडात घरोघरी माहीत होतं तेव्हा बीटीचं नावही कोणी ऐकलं नव्हतं. शेतकऱ्याचा अनुभव शंभर टक्के खरा होता, त्यामागचं कारण तेवढं चुकीचं जोडलं गेलं. गैरसमज टिकतो तो बहुतेक वेळा अशाच एखाद्या खऱ्या अनुभवाच्या जोरावर, असं मला आता ठामपणे वाटतं.

गैरसमज कसा दूर करावा, या कल्पनेलाही आपल्या भागात इतिहास आहे. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात १८७६ साली जन्मलेल्या गाडगेबाबांचं कीर्तन म्हणजे प्रश्नांची माळ असे. बाबा छोटा प्रश्न टाकत, उत्तर लोकांकडून येई, त्या उत्तरातून पुढचा प्रश्न निघे. सुरुवात बहुतेकदा ऐकणाऱ्याच्या घरातून होई: कर्ज कशासाठी काढलं, जेवणावळीत किती गेलं, पोराच्या शाळेला काय उरलं. माणसाला जे स्वतः ठाऊक आहे तिथून त्याला हाताशी धरून पुढे न्यायचं, ही ती रीत.

नंतर विज्ञान संस्थेच्या रूपाने आलं. अकोल्यात १९६९ साली कृषी विद्यापीठ उभं राहिलं. १९७९ साली भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने प्रयोगशाळेतलं ज्ञान शेतापर्यंत नेण्याचा कार्यक्रम देशभर हाती घेतला. वाणं आली, शिफारशी आल्या, उत्पादन वाढलं. त्या माणसांचे उपकार मोठे आहेत. पण ज्ञानाची दिशा एकच धरली गेली. तज्ज्ञ सांगणार, शेतकरी ऐकणार, आणि शेतकऱ्याची शंका म्हणजे माहितीचा अभाव. आजही आपण वाद घालतो तो याच गृहीतावर.

गृहीत अपुरं पडलं ते बीटीच्या काळात. मार्च २००२ मध्ये बीटी कपाशीला मंजुरी मिळाली, २००६ साली दोन जनुकांची दुसरी पिढी आली. त्याच २००६ च्या पावसाळ्याच्या सुरुवातीला तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. तेव्हापासून दोन टोकाची विधानं समोरासमोर उभी आहेत. एक म्हणतं, बीटीने शेतकरी मारला. दुसरं म्हणतं, बीटीने शेतकरी वाचवला. या जिल्ह्यांतल्या आत्महत्यांच्या सरकारी नोंदी २००१ पासूनच्या आहेत, म्हणजे संकट बीटीच्या आधी दारात आलं होतं; आणि नोंदी २००२ नंतरही थांबल्या नाहीत. बीटीचं बोंडअळीविरुद्धचं प्रथिन बोंडअळीवरच चालतं. मावा, तुडतुडे, पांढरी माशी त्याने मरत नाहीत. पाऊस, कर्ज, भाव यांवर त्याचा इलाजच नाही. बहुतांश कोरडवाहू असलेल्या मुलखात एका जनुकावर एवढा भार टाकणं, मग तो पापाचा असो की पुण्याचा, विज्ञानात बसत नाही.

मग २०१७ उजाडलं. गुलाबी बोंडअळीने विदर्भातली कपाशी पोखरली. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसं गेली. गावोगावी एकच शब्द होता: बोगस. बियाणं बोगस निघालं. खरं कारण वेगळं होतं. अळीत बीटीच्या प्रथिनाविरुद्ध प्रतिकारशक्ती आली होती. साडेचारशे ग्रॅमच्या पाकिटासोबत बिगर बीटीचं १२० ग्रॅमचं पुडकं मिळे, ते कडेने पेरायचं असे, म्हणजे प्रतिकार नसलेल्या अळ्याही जगाव्यात आणि त्यांच्याशी संकर होऊन प्रतिकार लांबावा. ते पुडकं बहुतेकांनी पेरलं नाही, आणि का पेरायचं हे कोणी नीट सांगितलंही नाही. फरदडीने कपाशी उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत उभी राहिली आणि अळीला बारमाही घर मिळालं.

हे सगळं विज्ञान बरोबर आहे. पण त्या वर्षी मला पहिल्यांदा दिसलं की 'बोगस'चा हा गैरसमज कायद्याने जिवंत ठेवला होता. नुकसानभरपाईची एक वाट २००९ च्या महाराष्ट्र कापूस बियाणे कायद्यातून जात होती, आणि सरकारने त्याखालीच तक्रारी मागवल्या. दोष बियाण्याचा असेल तर तक्रार; दोष अळीच्या उत्क्रांतीचा असेल तर दाद कोणाकडे मागायची? ज्याचं पीक गेलं त्याला 'बोगस' म्हणण्यावाचून कायद्याच्या दारात उभं राहायला जागा नव्हती. अशा माणसाला उत्क्रांती समजावून सांगणं म्हणजे त्याच्या हातातला तक्रारीचा कागद काढून घेणं. तो ऐकणार नाही, आणि त्याने का ऐकावं?

याची दुसरी बाजू १० जून २०१९ ला अकोट तालुक्यातल्या अकोली जहांगीर इथे दिसली. शेतकरी संघटनेच्या पुढाकाराने शेकडो शेतकरी जमले आणि मंजुरी नसलेल्या तणनाशक-सहनशील कपाशीची, म्हणजे एचटीबीटीची, उघड पेरणी केली. गुन्हे नोंदवले गेले. संघटनेचे संस्थापक शरद जोशी यांच्यापासून चालत आलेली तंत्रज्ञान स्वातंत्र्याची ही मागणी सरळ राजकीय होती, आणि त्यात लपवाछपवी नव्हती. गोंधळ भोवतालच्या चर्चेत झाला. कोणी म्हणे एचटीबीटीने गुलाबी बोंडअळी जाते. जात नाही, तिचा नवा गुण ग्लायफोसेट सोसण्याचा आहे, निंदणाची मजुरी वाचवण्याचा. कोणी म्हणे गुन्हा फक्त विकणाऱ्याचा. पर्यावरण संरक्षण कायद्याखालचे १९८९ चे नियम वापरालाही मंजुरी मागतात, आणि तेव्हा शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही अशी होती. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने त्यातली कैद काढून आर्थिक दंड आणला. कोणी म्हणे मंजुरी नाही म्हणजे विषारी. मंजुरी नसणं हा कायद्याचा निकाल आहे, विषारीपणाचा नव्हे. आणि चोर बीटीच्या, म्हणजे अशा विनामंजुरी बियाण्याच्या, नावाखाली पाकिटात खरंच काय आहे याची हमी देणारा कोणी नाही, ही आणखी वेगळी अडचण.

बीटी वांग्याचं उदाहरण याच वादात येतं. २००९ मध्ये तज्ज्ञ समितीने ते मंजूर केलं, नागपूरसह सात शहरांत जनसुनावण्या झाल्या, आणि फेब्रुवारी २०१० मध्ये पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी स्थगिती दिली. त्या स्थगितीने वांगं अपायकारक ठरलं असं एक बाजू मानते. मंत्र्याने विज्ञान पायदळी तुडवलं असं दुसरी. समितीचा प्रश्न होता, हे सुरक्षित आहे का. मंत्र्यापुढचा प्रश्न होता, लोकांचा विश्वास नसताना हे आणावं का. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर प्रयोगशाळेत सापडत नाही, म्हणून तो कमी प्रतीचा ठरत नाही. माझ्या मते स्थगिती देताना ती कोणत्या चाचणीने उठेल हे मुदतीसह सांगायला हवं होतं. ते न झाल्याने वांगं आजही अधांतरी आहे, आणि बांगलादेशात २०१४ पासून ते पिकतं आहे.

आता नवा वाद दारात आहे. मे २०२५ मध्ये जनुकसंपादित भाताची दोन वाणं केंद्र सरकारने जाहीर केली. त्यांत परक्या जीवाचं जनुक राहिलेलं नाही, भाताच्याच जनुकात बदल केला आहे. २०२२ च्या आदेशाने अशा पिकांना बीटीसारख्या मंजुरीच्या साखळीतून वगळलं आहे. कपाशीतही हे येणारच. अकोल्याच्या विद्यापीठाची शिवार फेरी भरते तेव्हा शेतकरी पहिल्यांदा विचारील: ही सरकी राखता येईल का? वाण सरळ आहे की संकरित, पेटंट कोणाचं, हे तिथेच, वाण दाखवतानाच सांगावं लागेल. पीक फसलं तर दाद कुठे मागायची हेही त्याच दिवशी सांगावं लागेल, आणि त्याचं उत्तर विद्यापीठाकडे नाही, विधिमंडळाकडे आहे. २००९ चा कायदा प्रतिकार आलेल्या अळीला ओळखत नाही. तो बदलायची मागणी आमच्या वऱ्हाडातल्या पाचही जिल्ह्यांच्या आमदारांकडे आत्ताच, पुढची अळी येण्याआधी करायला हवी.