शंभर स्नॅपशॉट, एक डिस्क

डिस्क भरत आल्याची सूचना आली की आपण काहीतरी पुसायला घेतो. जुने चित्रपट जातात, डाउनलोडचा फोल्डर रिकामा होतो, कचरापेटीही साफ होते. तरी मोकळी जागा होती तेवढीच. लिनक्सवर बीटीआरएफएस किंवा झेडएफएस या फाइल सिस्टीम वापरणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार आहे. मॅकवर टाइम मशीन ही बॅकअपची सोय चालू असेल, तर तिथेही असे घडते. संगणक मात्र बिघडलेला नसतो. आजच्या यादीतून फाइलचे नाव गेले, तरी कालच्या स्नॅपशॉटने तिचा मजकूर धरून ठेवलेला असतो. तिला धरून असलेला शेवटचा स्नॅपशॉट जाईपर्यंत जागा सुटत नाही.

स्नॅपशॉट म्हणजे काय, हे या तक्रारीतूनच कळते. अशा फाइल सिस्टीममध्ये बदल जुन्या मजकुरावर गिरवला जात नाही; तो नव्या जागी लिहिला जातो. खातेवहीतली जुनी नोंद न खोडता खाली नवी ओळ लिहावी, तसे. त्यामुळे ‘या क्षणी सगळे कसे होते’ एवढे लक्षात ठेवले की स्नॅपशॉट तयार. तो काही सेकंदांत निघतो आणि सुरुवातीला जवळजवळ जागाच घेत नाही. म्हणून माणूस तासातासाला काढतो आणि लांबलचक यादी बघून निर्धास्त होतो.

फसगत होते ती इथेच. न बदललेला फोटो डिस्कवर एकदाच लिहिलेला असतो. सगळे स्नॅपशॉट त्याच एका जागेकडे बोट दाखवतात. ती जागा खराब झाली, तर शंभर तारखांमधून तो फोटो एकदम जातो. बीटीआरएफएस आणि झेडएफएस चेकसम, म्हणजे मजकुराचा पडताळा-आकडा, तपासून बिघाड झाल्याचे सांगतील, पण दुरुस्तीसाठी दुसरी प्रत लागते, आणि एकाच डिस्कवर ती सहसा नसते. शंभर स्नॅपशॉट असले तरी प्रत एकच.

मग स्नॅपशॉट कुचकामी आहेत का? मुळीच नाही. ते आपल्याच हातून होणाऱ्या चुकांवरचा उपाय आहेत. ओपनसुसे या लिनक्स प्रणालीत स्नॅपर हे साधन पॅकेज बदलण्याआधी आणि नंतर आपणहून स्नॅपशॉट घेते. अपडेट फसले, तर सुरू होतानाच्या मेनूतून जुन्या स्थितीत परतता येते. डिस्क मेली, लॅपटॉप चोरीला गेला, घरात पाणी शिरले, तर मात्र ते डिस्कबरोबरच जातात. घातपातातही त्यांचा भरवसा नसतो. मे २०१७ मध्ये पसरलेला ‘वॉनाक्राय’ हा खंडणीखोर प्रोग्रॅम फायली कुलूपबंद करताना विंडोजच्या शॅडो कॉपी, म्हणजे तिथले स्नॅपशॉटही, पुसून टाकत असे.

याची उलट बाजूही आहे. बाहेरच्या हार्ड डिस्कवर रोज हुबेहूब प्रतिबिंब उतरवणारा माणूस मूळ डिस्क मेली तरी वाचेल, पण स्वतःच्या चुकीतून वाचेलच असे नाही. प्रत उतरवणाऱ्या आरसिंक या साधनाला ‘डिलीट’चा पर्याय दिलेला असेल, तर दुपारी चुकून पुसलेला फोल्डर रात्री तिकडूनही इमानेइतबारे पुसला जातो. कालची स्थिती राखायची तर स्नॅपशॉट हवा, डिस्क गेल्यावरही काही उरायचे तर दुसरी जागा हवी. एकाने दुसऱ्याची भरपाई होत नाही.

दोन्ही असूनही आणखी एक धोका उरतो, तो म्हणजे गप्प बसलेले बिघाड. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीत एका अभियंत्याच्या हातून मुख्य सर्व्हरवरचा डेटाबेस पुसला गेला. बॅकअपच्या अनेक सोयी होत्या. रोजचा डेटाबेस डंप मात्र आवृत्त्यांचा मेळ नसल्याने अयशस्वी होत होता, आणि तसे कळवणारे ईमेल वाटेतच नाकारले जात होते. शेवटी कामी आला तो सुमारे सहा तास आधी वेगळ्याच कामासाठी हाताने काढलेला स्नॅपशॉट. तोही वाचवू शकला, कारण त्यातला डेटा चाचणीच्या दुसऱ्या सर्व्हरवर नेलेला होता. त्यानंतरच्या सहा तासांतले बदल मात्र गेले.

घरी याचे छोटे रूप रोज दिसते. लिनक्सवर टाइमशिफ्ट हे स्नॅपशॉटचे साधन लावून निश्चिंत झालेल्या अनेकांना ठाऊक नसते की ते मुळात प्रणालीसाठी आहे. होम फोल्डरातल्या आपल्या फायली ते मुद्दाम सांगितल्याशिवाय घेत नाही. बीटीआरएफएसचा स्नॅपशॉट आतल्या वेगळ्या सबव्हॉल्यूममध्ये, म्हणजे स्वतंत्र उपविभागात, उतरत नाही. तिथे ठेवलेल्या फोटोंच्या जागी नुसता रिकामा फोल्डर मिळतो. दोन्हीकडे ‘काम पूर्ण’ असाच संदेश येतो, आणि तो खोटाही नसतो. ‘बॅकअप चालू आहे ना?’ हा आपला प्रश्नच अपुरा असतो. विचारायला हवे ते असे : आज डिस्क गेली, तर नेमके काय परत येईल?

छायाचित्रकार पीटर क्रोघ यांच्या नावाने ओळखला जाणारा ३-२-१ नियम याचे सोपे उत्तर देतो : तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक घराबाहेर. त्यात एकच भर घालावीशी वाटते. येत्या रविवारी बॅकअपमधला एक जुना फोटो वेगळ्या फोल्डरात परत आणा आणि उघडून पाहा. जी प्रत अशी परत आणून पाहिलेली नाही, ती हिशेबात धरू नका.