औषध एकाचे, फळ दुसऱ्याला

न केलेल्या कर्माचे फळ भोगावे लागणे, म्हणजे ‘अकृताभ्यागम’, हा कर्मसिद्धान्ताच्या चर्चेत मोठा दोष मानला जातो. पण प्रतिजैविकांना, म्हणजे जिवाणूंना मारणाऱ्या किंवा त्यांची वाढ रोखणाऱ्या औषधांना, दाद न देणारे जिवाणू नेमका हाच प्रसंग उभा करतात. पेनिसिलिन जिवाणूची पेशीभित्तिका नीट बांधू देत नाही, टेट्रासायक्लिन प्रथिननिर्मिती रोखते, सिप्रोफ्लॉक्सासिन डीएनएची प्रत निघू देत नाही. उलट काही जिवाणू औषध तोडणारी विकरे बनवतात, काही ते पेशीबाहेर उपसतात, आणि ही क्षमता देणारी जनुके प्लाझ्मिड नावाच्या सुट्या डीएनए-वलयांवरून अन्य जातींच्या जिवाणूंकडेही जातात. देवगडच्या खाडीकाठी कोणी कोळंबीच्या तळ्यात प्रतिजैविक ओतले, तर त्यातून तगून वाढलेले असे जिवाणू ओहोटीच्या पाण्याबरोबर खाडीत उतरू शकतात आणि गुडघाभर चिखलात कालवे काढणाऱ्या, त्या औषधाचे नावही न ऐकलेल्या बाईच्या जखमेत पोहोचू शकतात. पेनिसिलिनचे शोधक अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी 1945 च्या नोबेल व्याख्यानात असाच एक काल्पनिक गृहस्थ उभा केला होता, जो घसादुखीवर अपुरे पेनिसिलिन घेतो आणि ज्याच्यापासून संसर्ग झालेली पत्नी औषध लागू न पडल्याने दगावते. तिचा मृत्यू प्रारब्धाच्या माथी मारणे अन्याय्य आहे. त्याची जबाबदारी पतीच्या निष्काळजीपणावरच येते, आणि फ्लेमिंग यांचा निर्वाळाही तोच होता.