हातचा

नालछ्याच्या शाळेत गुरुजी बेरीज शिकवताना 'हासिल आया एक' म्हणत, आणि संध्याकाळी ओसरीवर आजोबा तीच बेरीज 'हातचा एक' म्हणून करून घेत. धारच्या पवारांच्या राज्यात स्थिरावलेल्या आमच्यासारख्या मराठी घरांचे सगळेच असे दोन भाषांत चाले. मला 'हातचा' आवडे. तो मनात धरायचा. विसरला की आकडे नीट मांडूनही उत्तर चुकते. हातचे राखून वागणे हा त्याच शब्दाचा दुसरा अर्थ मी पुढे नोकरीत शिकलो.

नोकरीसाठी मी नाशिककडे गेलो. १९६४ साली तिथे ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा मिग विमानांचा कारखाना निघाला होता. सांगाडा ओझरला, इंजिन ओडिशात कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक उपकरणे हैदराबादला, असे एकच विमान तीन गावांत घडे. आराखडे सोव्हिएत रशियाचे. परवान्याने 'कसे करायचे' ते मिळाले. 'असेच का करायचे' ते बरेचसे आराखडा काढणाऱ्यापाशीच राहिले. देशादेशांतल्या या राखण्याबद्दल पुष्कळ बोलले जाते. मला छळणारी गोष्ट त्याहून फार लहान आहे.

मी एका छोट्या वर्कशॉपात ड्राफ्ट्समन होतो. विमानाच्या सुट्या भागांची कामे हातोहाती फिरत आमच्यापर्यंत येत. एकदा एका पोलादी पिनेचे काम आमच्यात आणि शेजारच्या वर्कशॉपात वाटून दिले गेले. ड्रॉइंगवर व्यास होता, कॅडमियमचे प्लेटिंग करावे असेही होते. तो व्यास प्लेटिंगच्या आधीचा की नंतरचा, एवढेच लिहायचे राहिले होते. प्लेटिंगचा थर असतो जेमतेम मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा. पण तो दोन्ही अंगांनी चढतो, व्यास दुपटीने वाढतो आणि भोकात सहज सरकायची ती पिन अडते. माप नंतरचे आहे, हे मला आधीच्या एका कामावरून ठाऊक होते. आम्ही तेवढी जागा सोडून पिना कातल्या. शेजारचा ड्राफ्ट्समन माझ्याच खानावळीत, माझ्याच समोरच्या पाटावर जेवे. त्याने विचारले नाही. मी सांगितले नाही. त्यांचा सगळा माल परत आला आणि पुढचे काम आम्हाला मिळाले.

'विचारलं असतं तर सांगितलं असतं,' असे मी स्वतःला कित्येक वर्षे समजावत आलो. या वाक्यात खोटे काही नाही. त्याची लबाडी तिथेच आहे. ज्याला शंकाच आली नाही तो विचारणार काय?

आमचे मालक म्हणत, "माहिती म्हणजे भाकरी. वाटत बसलो तर आपण काय खायचं?" त्यांना दोष देववत नाही, दहाबारा घरे त्या भाकरीवर होती. पिन लवकर आणि स्वस्तात कातायची आमची एक युक्ती होती, ती आम्ही राखली यात मला आजही गैर वाटत नाही. पण मापाचा अर्थ ही आमची कमाई नव्हती. तो त्या पिनेचा होता, आणि तिच्या भरवशावर आकाशात जाणाऱ्या, आम्ही कधीही न पाहिलेल्या वैमानिकाचा होता.

मोठ्या ठिकाणी हातचा विसरतात तेव्हा जगाला कळते. १९९९ साली 'नासा'चे मंगळाकडे गेलेले यान नष्ट झाले, कारण एका गटाने जोराचे आकडे पौंडांच्या मापात दिले आणि दुसऱ्याने ते न्यूटनचे समजून वापरले. २००६ साली एअरबसच्या ए-३८० विमानाचे काम रखडले. हँबुर्ग आणि तुलूझचे अभियंते आराखड्याच्या एकाच संगणक-प्रणालीच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांवर काम करीत होते. प्रत्यक्ष विमानात वायरी तोकड्या पडल्या. तिथे कुणी कुणाचे वाईट चिंतले नव्हते. माझ्याबद्दल मला तसे म्हणता येत नाही.

एका प्रणालीतला आराखडा दुसरीला वाचता यावा म्हणून 'स्टेप' नावाचे आंतरराष्ट्रीय मानक १९९४ पासून आहे. माझा भाचा पीथमपूरला एका कारखान्यात असतो. तो मला पडद्यावर एक भाग फिरवून दाखवत म्हणाला, "मामा, आता कागद नाहीच. माप, धातू, प्लेटिंग, सगळं यातच भरलेलं असतं."

"भरतं कोण?" मी विचारले.

"आहे एक मुलगा," तो म्हणाला, आणि चहा प्यायला.

२०२५ च्या सप्टेंबरात मिग-२१ वायुदलातून निवृत्त झाले. बातमी वाचून मी जुनी वही काढली. तो ड्राफ्ट्समन त्याच वर्षी नोकरी सोडून गावी गेला होता. जाताना त्याने मला आपला पत्ता लिहून दिला होता. मी पत्र लिहायला बसतो. 'तुम्ही तेव्हा विचारलं नव्हतं' हीच ओळ आधी हातून उतरते, आणि कागद फाडावा लागतो.